पिवळी कार्डं कोणी वाटली

मॅडम मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत, आणि त्यांनाही मी आवडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या नावडीचा वाटा मोठा आहे.

मी सत्तावीस वर्षं कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहास मन लावून शिकवायची. नागरिकशास्त्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायची. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना. तेव्हा एका ट्रस्टनं गुळाच्या बाजारात नवीन संग्रहालय काढल्याचं कळलं. शाळकरी मुलांसाठी उपक्रम घेणारी शिक्षिका हवी होती. मी अर्ज केला आणि मला घेतलं.

इमारत म्हणजे जुनं गुळाचं गोदाम. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या घराण्याची गुळाची अडत होती. अडत बंद झाली, गोदामाला रंग लावला, दिवे लावले, पण फरशीत इतक्या वर्षांचा गूळ मुरलेला. उन्हाळ्यात चप्पल उचलताना चरचर आवाज यायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून मुंगळे निघायचे. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे प्रत्येक वस्तूला हात लावा.’ हे वाक्य माझं. तिथल्या सगळ्या मराठी पाट्या मीच लिहिल्या.

मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या संचालिका. वयानं माझ्या मुलीएवढ्या. अमेरिकेत शिकल्या, तिथल्या एका संग्रहालयात काही वर्षं काम केलं आणि परत आल्या. येताना त्या संग्रहालयाशी करार करून आल्या. तिकडून नऊ खोकी आली. त्यांत समुद्रात चहा फेकल्याच्या प्रसंगासाठी चहाच्या पेट्या होत्या, जुन्या पद्धतीची मतपेटी होती, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या पानाची नक्कल होती, न्यायाधीशाचा लाकडी हातोडा होता, आणि प्रत्येक खेळाची इंग्रजी पुस्तिका होती. पुढच्या अर्ध्या गोदामात आपली ग्रामसभा, आपली मतदानाची खोली. मागच्या अर्ध्यात अमेरिका.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, “आपल्या पोरांना अमेरिकेचा इतिहास कशाला? इथला संपला का?”

त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरातला अन्याय माणूस शांतपणे बघतो, टीचर. मग आपलं घर त्याला आपोआप दिसतं.”

उत्तर चांगलं होतं. मला त्याचाच राग आला. शिवाय ‘टीचर’ या शब्दाचाही. सत्तावीस वर्षं मला मुली ‘बाई’ म्हणत होत्या, पालक ‘बाई’ म्हणत होते, भाजीवालीसुद्धा ‘बाई’ म्हणायची. मॅडमनी ते एकदाही म्हटलं नाही. त्या माझे इंग्रजी उच्चार चारचौघांत दुरुस्त करायच्या. मी त्यांच्या मराठी पत्रांवर लाल पेनानं खुणा करून ती त्यांच्या टेबलावर उघडी ठेवायची. असं आमचं चाललेलं. दुपारी त्या आपल्या केबिनमध्ये जेवायच्या, मी तिकीट-खिडकीच्या खोलीत मामांबरोबर.

मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. संग्रहालयात ते तिकिटं द्यायचे, आणि अमेरिकेच्या दालनात बस होती तिच्यावर ड्रायव्हरचं काम करायचे. ही बस उद्यमनगरातल्या एका कारखान्यात बनवून घेतली होती. भंगारातल्या एका सिटी बसचा पुढचा सांगाडा, त्यावर पिवळा-हिरवा रंग, आत सात रांगा बाकं. खेळ असा होता. अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका शहरात गोऱ्यांनी बसमध्ये पुढं बसायचं आणि काळ्यांनी मागं, असा कायदा होता. बस भरली तर मागच्यांनी उठून जागा द्यायची. शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं एके दिवशी उठायला नकार दिला. त्यावरून तिला अटक झाली, शहरातल्या काळ्या लोकांनी वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही, आणि शेवटी तो कायदा रद्द झाला. मुलांनी हे बाकावर बसून अनुभवायचं. निळं कार्ड मिळालं की पुढं, पिवळं मिळालं की मागं. ड्रायव्हर पिवळ्यांना उठवणार. त्यातल्या एकानं उठायचं नाही. नंतर सगळे खाली गोल बसून बोलणार, काय वाटलं, कुणाला काय वाटलं.

पुस्तिकेत ठळक छापलं होतं की कार्डं चिठ्ठ्या काढूनच द्यायची. कारण जन्मही असाच चिठ्ठीसारखा असतो, कोण कुठं जन्मेल हे कुणी निवडत नाही. मला ते पटलं होतं. मी बसच्या दाराशी पाटी लावली, ‘आसन चिठ्ठी काढून ठरेल. कोणाचाही वशिला चालणार नाही.’ दुसरं वाक्य मी पदरचं घातलं होतं.

मामांना हे काम आवडायचं नाही. भाकरीवर खर्डा घेत एकदा म्हणाले, “बाई, एवढी वर्सं नोकरी केली. बायकांच्या जागेवरनं बाप्यांना उठवलं, अपंगांच्या जागेवरनं धडधाकटांना उठवलं. पर हितं रोज उगंच उठवायचं. पोरं तोंडाकडं बघत्यात.”

“खेळ आहे मामा.”

“व्हय की. तरीबी बघत्यात.”

मार्च महिन्यात अमेरिकेतल्या संग्रहालयानं फोटोंसकट अहवाल मागितला. पुढच्या वर्षीचा करार त्यावर ठरणार होता. मॅडमनी फोटोग्राफर बोलावला आणि शहरातल्या एका इंग्रजी शाळेची आठवी त्या दिवसासाठी ठरवली. त्याच दिवशी हातकणंगल्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेचं नाव मी महिनाभर आधी नोंदवून ठेवलं होतं. मॅडमनी वही बघितली नाही, आणि मी सांगितलं नाही. मुद्दामच. त्यांची उडालेली धांदल मला बघायची होती.

सकाळी दहाला दोन्ही शाळा एकदम आल्या. इंग्रजी शाळेची मुलं त्यांच्या बसमधून उतरली, कडक इस्त्रीचे गणवेश, पांढरे बूट. गावाकडची मुलं दोन टेम्पोंतून आली. त्यांचे सर पुढं, हातात हजेरीपत्रक. पायऱ्यांपाशी आल्यावर त्या मुलांनी कुणी न सांगता चपला काढल्या, रांगेत लावल्या आणि अनवाणी आत आली. देवळात जावं तशी. चप्पल घालून आत चालतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी ते बघत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि मी काही बोलले नाही. पाच मिनिटांत त्यांची पावलं गुळानं काळी झाली.

त्या मुलांत एक मुलगी होती. उंच, दोन वेण्या वर बांधलेल्या, खांद्याला शिवलेला गणवेश. ती प्रत्येक पाटी बोट फिरवत पुटपुटत वाचायची. सर दोनदा ओरडले, “अगं पुढं चल की, पाट्या काय पाठ करायच्यात व्हय?” ती दोन पावलं पुढं जायची आणि पुन्हा पुढची पाटी वाचायला लागायची. मला अशा मुली शिकवायला आवडायच्या.

ग्रामसभेचा खेळ झाला, मतदानाचा झाला. दोन्ही शाळांना वेगवेगळं घ्यायला वेळ नव्हता, म्हणून बसचा खेळ एकत्र घ्यायचं ठरलं. फोटोग्राफर बसच्या पुढच्या काचेपाशी उभा राहिला. मी चिठ्ठ्यांचा डबा आणायला निघाले तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं.

“टीचर, आज चिठ्ठ्या नकोत. निळी कार्डं इंग्लिश मीडियमला द्या. पिवळी त्या दुसऱ्यांना.”

“का?”

“पुढच्या बाकांवरचे पाय फोटोत येतात. बघा ना त्यांचे पाय. तिकडे फोटो बघून ते विचारतील, मुलांना चपला का नाहीत.”

“चपला बाहेर आहेत. घालायला सांगते.”

“आता पाय धुणार, चपला घालणार, अर्धा तास जाईल. फोटोग्राफर बारापर्यंतच आहे. प्लीज, वाद नको.”

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं हे मला नीट माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं, चिठ्ठ्या काढल्याशिवाय खेळ होणार नाही. मी तसं म्हटलं असतं तर त्या फार तर चिडल्या असत्या. पण माझ्या मनात दुसरंच आलं. मला वाटलं, होऊ दे. ही बाई स्वतःच्याच खेळात फसणार आहे. फोटोत दिसेल की पुढं सगळे कडक इस्त्रीचे गणवेश आणि मागं सगळी गावाकडची मुलं. अमेरिकेतली माणसं काही आंधळी नाहीत. मी “बरं” म्हटलं आणि दोन गठ्ठे हातात घेतले.

आणि मी स्वतःच्या हातानं कार्डं वाटली. पांढऱ्या बुटांना निळी, काळ्या पावलांना पिवळी. एकेका मुलाच्या तळहातावर ठेवली. त्या मुलीच्याही. तिनं कार्ड बघितलं, मग बसच्या दाराशी लावलेली पाटी बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

मुलं चढली. निळी पुढं बसली, पिवळी मागं. मामांनी टोपी घातली, तिकिटाचा चिमटा खटखट वाजवला, आणि रोजच्यासारखं पडेल आवाजात म्हणाले, “मागच्यांनी उठा. पुढं गर्दी झालीया.”

मागची मुलं मुकाट उठली. चौथ्या रांगेत बसलेल्या त्या उंच मुलीनं उठायचं नाही, असं मी चढताना तिला सांगितलं होतं. मुद्दाम तिलाच ते काम दिलं होतं, पाट्या वाचते म्हणून. पण ती उठली. उठून बाकांच्या मधल्या वाटेत उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “बाई, चिठ्ठ्या कुठं हायत?”

मी बसच्या दाराशी होते. मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, “काय?”

“चिठ्ठी काढून जागा ठरनार, आसं भाईर लिवलंय. चिठ्ठ्या कुठं हायत?”

मॅडम हसून म्हणाल्या, “बेटा, तू आता खेळात आहेस. तू नाही म्हणायचं, उठणार नाही असं.”

तिनं मॅडमकडं बघितलंसुद्धा नाही. ती मलाच विचारत होती, कारण कार्ड मी दिलं होतं.

मी म्हटलं, “चिठ्ठ्या आधीच काढून झाल्या.”

“कवा?”

“तुम्ही यायच्या आधी.”

“मग तवा आमी हितं न्हवतोच की. आमची नावं कशी निघाली?” तिनं पुढं-मागं नजर फिरवली. “आनि सगळी पिवळी आमच्यातच कशी निघाली, बाई? एक बी त्यांच्यात कसं गेलं न्हाय?”

वर्गात सत्तावीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते की प्रश्न विचारा. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुढच्या बाकांवरची मुलंही मागं वळून बघायला लागली. त्यांच्यातल्या एकीनं हातातलं निळं कार्ड दप्तरात लपवलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. खरं सांगायला तोंड उघडेना आणि दुसरं खोटं सुचेना.

ती म्हणाली, “मला न्हाय खेळायचं.” कार्ड बाकावर ठेवून ती बसमधून उतरली. तिच्यामागं तिची मैत्रीण उतरली, मग दोन मुलगे, मग सगळेच. कुणी आरडाओरडा केला नाही. वीस-एक मुलं अनवाणी बाहेर गेली, पायऱ्यांवर बसली आणि चपला शोधायला लागली.

सरांचा चेहरा उतरला होता. ते धावत बाहेर गेले आणि तिच्यावर हात उगारून ओरडले, “तुला काय कळतं का न्हाय? एवढी मोठी मानसं बोलवत्यात, आनि तू शाळंचं नाव घालवतीस?”

मामांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. “सर, हितं न्हाय.”

“तुमी मधी पडू नका, कंडक्टर.”

“पडतो की. पोरगीनं खरं विचारलंय. हात खाली घ्या.”

सरांनी हात खाली घेतला, पण मामांकडं असं बघितलं की मला वाटलं आता त्यांची जुंपणार. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. “तुमच्या मुलांना शिस्त नाही, सर. आम्ही एवढ्या विश्वासानं बोलावलं,” असं त्या म्हणाल्या. सर दोन्ही हात जोडून माफी मागायला लागले. मुलगी चपलेचा पट्टा लावत होती. तिनं मान वर केली नाही. मी दाराच्या आत, मुंगळ्यांच्या रांगेपाशी उभी होते. मला तेव्हाही बाहेर जाऊन बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी बेशिस्त वर्तन केलं, उपक्रमाचा खोळंबा झाला, लेखी माफी यावी. मी म्हटलं, “हे पत्र मी लिहिणार नाही.”

“तुम्ही लिहिणार नसाल तर मी लिहीन. माझं मराठी तुमच्याइतकं चांगलं नाही, पण येतं मला.”

त्यांनी लिहिलं. त्यात तीन चुका होत्या. माझी नजर नेमकी त्या चुकांवर गेली, हे मला नंतर लाजिरवाणं वाटलं.

आठवड्यानं शाळेकडून उत्तर आलं. मुख्याध्यापकांचं चार ओळींचं माफीपत्र, आणि त्याला जोडलेला वहीचा दुरेघी कागद. वळणदार अक्षर. खाली वर्गाच्या सह्या. ‘आम्ही बसमधून खाली उतरलो याबद्दल माफी असावी. चिठ्ठ्या काढल्या असत्या तर आम्ही उतरलो नसतो. पिवळ्या कार्डावरही बसलो असतो.’

मॅडमनी तो कागद वाचला, फाइलमध्ये घातला आणि कपाट बंद केलं. त्याआधी मामांनी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्यांनी मला दाखवला, मी दोनदा वाचला, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

महिन्याच्या शेवटी ट्रस्टची बैठक होती. शिक्षिका म्हणून मला अहवाल वाचायला बोलवायचे. मी अहवाल बाजूला ठेवला आणि बसमध्ये काय झालं ते सांगितलं. मामांच्या फोनवरून उतरवून घेतलेला त्या मुलांचा कागद वाचून दाखवला. अध्यक्ष सत्तरीचे, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कार्डं वाटली कोणी?” त्यांनी विचारलं.

“टीचरनी,” मॅडम म्हणाल्या.

“तुम्ही सांगितलंत म्हणून,” मी म्हटलं.

“मी सांगितलं ते लेखी आहे का?”

“लेखी कसं असेल? कानात सांगितलंत.”

“आणि त्या दिवशी दुसरी शाळा येणार हे तुम्हाला महिनाभर माहीत होतं. मला का नाही सांगितलं?”

मी बाजूला ठेवलेला अहवाल सरळ केला. अध्यक्षांनी चष्मा काढला. “बाई, मग आता तुमचं म्हणणं काय आहे?”

“त्या मुलांना परत बोलवा. त्यांच्यासमोर चिठ्ठ्या काढू. आणि माफीचं पत्र आपण त्यांना देऊ.”

“एवढ्याशा गोष्टीसाठी?” ते खरंच आश्चर्यानं म्हणाले. “पोरं आहेत. विसरली असतील एव्हाना.” आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. छपराचे पत्रे बदलायचे होते.

बैठकीनंतर मॅडम मला बसपाशी भेटल्या. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. मी तयारच होते. पण त्या हळू आवाजात बोलल्या, आणि त्यामुळं जास्त लागलं.

“मी चुकले. फोटोंच्या नादात चुकले, ते मला कळतं. पण तुम्ही मला तिथल्या तिथं थांबवू शकला असता. तुम्ही मला थांबवलं नाही, कारण तुम्हाला मुलांची काळजी नव्हती. तुम्हाला माझी फजिती बघायची होती.”

मी म्हटलं, “तुम्ही मला शिकवू नका.”

“तेच तर. तुम्हाला कुणी शिकवायचंच नाही.” त्या निघून गेल्या.

त्या जे बोलल्या ते खरं होतं. आणि ते त्यांनी ओळखलं होतं, म्हणून ती बाई मला आजही आवडत नाही. मला कुणी विचारलं तर मी हे असंच सांगते.

पुढच्या महिन्यापासून मला येऊ नका असं कळवलं. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. निरोपाला मामांनी भडंगाची पुडी दिली आणि म्हणाले, “बाई, मी बी पावसाळ्यापतुर बगतो, मग सोडतो.” सोडलं नाही त्यांनी. घरी सुनेबरोबर पटत नाही, म्हणून अजून तिथंच आहेत. त्यांनीच फोनवर सांगितलं की बसच्या दारावरची माझी पाटी काढली. नवी लावली आहे, ‘आसनव्यवस्थेबाबत संग्रहालयाचा निर्णय अंतिम राहील.’ निर्दोष मराठी. कोणाकडून तरी लिहून घेतली असणार. अहवालात फोटो गेले ते मतदानाच्या खोलीतले, आणि करार वाढला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी त्या गावी गेले. कुणाला कळवलं नव्हतं. गाडीवरून उचगावच्या पुलापर्यंत धीट होते, पुढं दोनदा गाडी थांबवली. काय बोलायचं ते पाठ करत होते. त्या मुलीला एकटीला बाजूला घ्यायचं, खरं सांगायचं, तिच्या पाठीवर हात ठेवायचा. मी तिच्यासाठी एक शब्दकोशही घेतला होता.

सरांनी मला ओळखलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आता आनि काय राहिलं?” ते म्हणाले. मी म्हटलं, तिला भेटायचंय. त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. ती नववीत गेली होती. हात मागं बांधून उभी राहिली.

मी म्हटलं, “त्या दिवशी चिठ्ठ्या काढल्याच नव्हत्या. तू बरोबर होतीस. मी खोटं बोलले. मला तुझी माफी मागायची आहे.”

ती म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“खोटं बोललासा ते. तवाच कळलंतं.”

मी शब्दकोश पुढं केला. तिनं घेतला नाही. “हे कशाला?”

“तुला वाचायला आवडतं म्हणून.”

“मला एकटीला नको.” तिनं वर्गाकडं मान वळवली. “आनि माफी बी मला एकटीला नको. सह्या सगळ्यांनी केल्यात्या. त्या माफीवर सही करायला सरांनी आमच्यातल्या चौघांना आंगठं धरून उभं केलंतं. सगळ्यांसमोर मागा.”

सर म्हणाले, “ए, कुनाबरोबर बोलतीयास? बाई हायत त्या.”

मी म्हटलं, “बरोबर बोलतीय ती.” खरं तर मला तिचा राग आला होता. मी एवढी लांब आले होते, उन्हातून, आपणहून. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान जरा मऊ होईल. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मला परत जावंसंच वाटत होतं, पण गेले असते तर ती मला पळपुटी समजली असती, आणि ते मला सहन झालं नसतं. म्हणून मी वर्गात गेले.

फळ्यापुढं उभी राहिले. खडू हातात घेतला, मग ठेवला. ही जागा माझ्या सवयीची. मी सांगितलं. चिठ्ठ्या काढल्या नव्हत्या. तुमच्या पायांत चपला नव्हत्या म्हणून तुम्हाला पिवळी कार्डं दिली. दुसऱ्यानं सांगितलं होतं, पण वाटली मी. चपला घालून आत आलं तरी चालतं, हे मी सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. मग मी खोटं बोलले. तुमच्याकडून माफी मागून घेतली तेव्हाही गप्प राहिले. माझं चुकलं.

कुणीही ‘असू दे बाई’ म्हटलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला.

“बाई, मग तुमाला काढलं का तिथनं?”

“हो. काढलं.”

“बरं झालं,” तो म्हणाला.

दोघं-तिघं हसले. सर ओरडायला पुढं झाले, मी त्यांना थांबवलं. ती मुलगी हसली नाही. तिनं वही उघडली होती आणि पुढचा तास कशाचा आहे ते शेजारणीला विचारत होती. मी वर्गातून बाहेर आले, गाडीला किक मारली आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागले.